कंबरदुखी : शेतकामातील कारणे आणि घरच्या घरी करावयाचे उपाय

बैलाचा खांदा आला तर आपण त्याला दोन-चार दिवस जुंपत नाही. जू खडबडीत झाले आहे का, जोते घट्ट बसते का, हे पाहतो आणि दोष काढून टाकतो. स्वतःची कंबर धरली की मात्र आपण तेल चोळतो, दवाखान्यात जाऊन एक इंजेक्शन घेतो आणि पुन्हा त्याच कामाला त्याच पद्धतीने लागतो. कंबरदुखीचे कारण वयात, वातात किंवा नशिबात शोधण्याची आपली सवय आहे. कामाच्या पद्धतीत ते क्वचितच शोधले जाते. प्रत्यक्षात बहुतेक कंबरदुखी तेथूनच सुरू होते, आणि म्हणूनच ती बऱ्याच प्रमाणात आपल्या हातातली आहे.

हा त्रास आपल्यापुरता नाही. जगात २०२० साली सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. त्यातील बहुसंख्य रुग्णांत कोणताही गंभीर आजार नसतो. स्नायू, मणक्यांना बांधून ठेवणारे बंध किंवा मणक्यांमधील गादी यांवर ताण आलेला असतो. असे दुखणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते. चुकीच्या उपचाराने मात्र ते वर्षानुवर्षे रेंगाळते.

वाकल्यावर कमरेवर काय भार येतो?

पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे हलणारे २४ मणके असतात. त्याखाली त्रिकास्थी व माकडहाड असते. दोन मणक्यांमध्ये गादी असते. बाहेरून चिवट कडे आणि आत ओलसर, मऊ गाभा अशी तिची रचना आहे. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होते, तसे हालचालीमुळे तिचे पोषण होते. म्हणून एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे तिला मानवत नाही, मग ते वाकून राहणे असो, बसणे असो की झोपून राहणे.

आता थोडा हिशेब करू. ५० किलो वजनाच्या बाईचे कमरेवरचे अंग, म्हणजे डोके, हात व धड मिळून, साधारण २५ किलो भरते. ती कमरेत काटकोनात वाकली की या वजनाचा मध्य कमरेच्या सांध्यापासून सुमारे २५ सेंटिमीटर पुढे जातो. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र सांध्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. हा तराजू असमान दांडीचा आहे. पुढचे २५ किलो तोलायला मागच्या स्नायूंना सुमारे सव्वाशे किलोची ओढ लावावी लागते, तीही हातात काही नसताना. त्याच स्थितीत २० किलोचे घमेले हात लांब करून उचलले, तर स्नायूंची ओढ आणखी दोनशे किलोंच्या आसपास वाढते. तेच घमेले उभे राहून पोटाशी धरले तर त्याचा भार निम्म्यावर येतो. स्वीडनमधील अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून दाब मोजले. उभे राहण्यापेक्षा पुढे वाकण्यात आणि वाकून वजन उचलण्यात दाब पुष्कळ वाढतो हे त्यांच्या मोजणीत दिसले. ‘वजन अंगाशी धरा’ या सल्ल्याचे कारण हे असे आहे.

खुरपणी, वेचणी आणि लावणी

पोते उचलताना कंबर गेली असे माणूस सांगतो, तेव्हा ते पोते बहुधा शेवटची काडी असते. आधीचे नुकसान खुरपणीने, वेचणीने, लावणीने केलेले असते. ही कामे आपल्याकडे मुख्यतः स्त्रिया करतात, आणि ‘हलकी कामे’ म्हणून त्यांना मजुरीही कमी दिली जाते. वरचा हिशेब पाहता त्यांना हलके म्हणणे धाडसाचे आहे.

बराच वेळ वाकून राहिले की स्नायू थकतात आणि भार मणक्यांच्या बंधांवर जातो. ते ओल्या सुतळीसारखे हळूहळू ताणले जातात. वीस मिनिटे वाकून राहिल्यावर आलेला ढिलेपणा अर्ध्या तासानंतरही पूर्ण जात नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. या काळात कमरेला आधार कमी असतो. आपल्याकडे नेमके याच वेळी काय होते ते पाहा. दिवसभर खुरपून बाई उठते आणि लगेच खाली वाकून गवताचा भारा डोक्यावर घेते. उसण भरायला याहून सोयीची वेळ नाही. खुरपणी संपल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे, पाणी प्यावे, खुरपी-विळे गोळा करावेत आणि मगच भारा उचलावा. तोही दुसरीच्या मदतीने बांधावर ठेवून तेथून डोक्यावर घ्यावा.

खुरपताना पात संपेपर्यंत कोणी उठत नाही. मागे पडले तर बाकीच्या हसतात, उक्ते काम असेल तर मुकादम बोलतो. पात लांब असेल तर मध्ये एक काठी रोवून ठेवावी. काठीपाशी आले की उभे राहावे, दोन्ही हात कमरेवर ठेवावेत आणि हळूहळू मागे झुकावे. असे पाच-सहा वेळा करावे. याला मिनिटभरही लागत नाही. सर्वांनी एकदम केले तर कोणी मागेही पडत नाही. ज्यांच्या रानात मजूर आहेत त्यांनी ही काठी स्वतः रोवावी.

उकिडवे बसून खुरपताना गुडघ्यांवर ताण येतो आणि वाकून खुरपताना कमरेवर. आलटून पालटून काम केले तर दोन्हींना विसावा मिळतो. ओळीत पेरलेल्या पिकात सायकल कोळपे किंवा लांब दांड्याचे हातकोळपे उभ्याने चालवता येते. खुरपे फक्त झाडाजवळच्या गवतापुरते उरते. दांडा चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे हवा. पुरुषाच्या मापाचे कोळपे बाईला दिले तर तिचे खांदे भरून येतात आणि ते अवजार मग कोपऱ्यात पडते. कापणीला दातेरी धारेचा हलका वैभव विळा वापरल्यास झटके कमी द्यावे लागतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात, पूर्वीच्या गृहविज्ञान व आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, शेतकरी स्त्रियांचे श्रम कमी करणाऱ्या साधनांवर अनेक वर्षे काम झाले आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अशी अवजारे पाहून, हातात धरून मगच घ्यावीत.

कापूस वेचताना पोटाशी बांधलेल्या ओटीत पाच-सहा किलो कापूस साठेपर्यंत बाया थांबत नाहीत. पुढे लोंबणारे हे वजन कंबर सतत पुढे ओढते. ओटी लवकर रिकामी करावी, किंवा वजन दोन्ही खांद्यांवर येईल अशी झोळी शिवून घ्यावी. भात लावणीत तर चिखलात दिवसभर वाकण्याला पर्याय दिसत नाही. परंतु पेरभात, यंत्राने लावणी, तसेच रायगड जिल्ह्यात नेरळ येथे विकसित झालेले, गादीवाफ्यावर टोकणी करण्याचे सगुणा भात तंत्र यांत लावणी हाताने करावी लागत नाही. या पद्धतींचा हिशेब आपण मजुरीच्या खर्चात मांडतो. त्यात कंबरही धरायला हरकत नाही.

पोते, पंप आणि घागर

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने एका वेळी जास्तीत जास्त ५५ किलो वजन वाहावे अशी शिफारस केली. त्याच वर्षीचा भारवहनाबाबतचा करार भारताने २०१० मध्ये मान्य केला. शंभर किलोंची जुनी पोती आता कमी झाली आहेत. युरियाची गोणीही २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोंची झाली. तरी जमिनीवरून ४५ किलो उचलणे कमरेला जडच जाते. एकट्याने उचलू नये. घरात किंवा शेडमध्ये थप्पी लावताना खाली लाकडी फळ्या टाकाव्यात, म्हणजे ओलही लागत नाही आणि वाकणेही थोडे कमी होते. बैलगाडी किंवा ट्रॉलीतून उतरवताना पोते तिच्या कडेपर्यंत ओढून आणावे आणि अंगाशी घ्यावे. वळायचे झाल्यास पाय उचलून सगळे अंग वळवावे. पाय रोवून फक्त कमरेतून पिळणे सर्वांत घातक ठरते. ओझे हातात असताना वाकणे आणि पिळणे एकत्र झाले की गादीच्या कड्याला चीर पडण्याची भीती असते.

पाठीवरच्या फवारणी पंपात १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, वर पंपाचे वजन वेगळे. भरलेला पंप जमिनीवरून पाठीवर घेऊ नये. कमरेइतक्या उंच दगडावर, बांधावर किंवा ट्रॉलीच्या कडेला तो ठेवावा आणि पट्ट्यांत हात घालून उभे राहावे. दोन्ही पट्टे सारखे ताणून घ्यावेत. ज्यांची कंबर आधीच दुखते त्यांनी पंप दहा-बारा लिटरच भरावा. फेऱ्या वाढतील, पण फवारणीनंतर दोन दिवस आडवे पडावे लागणार नाही.

पाणी आणताना एकच मोठी बादली एका हातात घेण्यापेक्षा दोन लहान बादल्या दोन हातांत बऱ्या. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हादऱ्यांचा आणि सतत मागे वळून पाहण्याचा त्रास होतो. फाटलेली बैठक बदलावी, तासाभराने उतरून थोडे चालावे आणि उतरल्या-उतरल्या पोती उचलायला जाऊ नये.

सकाळचा पहिला तास

रात्रभर झोपल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. सकाळी उठल्या-उठल्या खोल वाकणे टाळल्यास जुनी कंबरदुखी कमी होते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आपल्या घरातल्या बाईचा पहिला तास कसा जातो? अंगण झाडणे, शेण काढणे, गोठा साफ करणे, चूल पेटवणे, पाणी भरणे. सगळी कामे वाकून आणि सगळी याच तासात. धार काढण्याची वेळ बदलता येत नाही हे खरे. पण शेण भरायला लांब दांड्याचे फावडे आणि एकचाकी गाडा, झाडायला उभ्याने वापरायचा लांब खराटा आणि चुलीसाठी किंवा शेगडीसाठी उभ्याचा ओटा करता येतो. त्याला फारसा खर्च नाही. शेण काढण्याचे काम घरातील पुरुषाने केले तर तोही उपायच आहे.

उसण भरली तर

कंबर अचानक धरली की माणूस घाबरतो. पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत गावोगाव आहे. उसण आपोआपच तीन-चार दिवसांत सैल होऊ लागते, त्यामुळे त्याचे श्रेय पायाळूला मिळते. हळूच पाय लावण्याने बिघडत नाही. पण लाथ मारणे, पाठीवर उभे राहून तुडवणे, पाय धरून झटका देणे हे प्रकार करू नयेत. म्हाताऱ्या माणसांची हाडे ठिसूळ असतात, त्यांचा मणका त्याने दबू शकतो.

पहिले एक-दोन दिवस जड काम बंद ठेवावे. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी किंवा घडी केलेली घोंगडी घ्यावी, किंवा कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. बाजेची सुतळी सैल पडून झोळ झाला असेल तर ती ताणून घ्यावी. उघड्या फरशीवरच झोपले पाहिजे असे मात्र नाही. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसावे.

गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी यांचा शेक पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा घ्यावा. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची जाणीव कमी झाली आहे त्यांना चटका कळत नाही, म्हणून शेकाची पुरचुंडी दुसऱ्याने हाताला लावून पाहावी. तिळाच्या किंवा कोणत्याही तेलाने हलके मालीश केल्यास स्नायू सैल होतात.

मुख्य गोष्ट चालण्याची आहे. पूर्वी डॉक्टरही तीन-तीन आठवडे अंथरुणात राहायला सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९९५ मध्ये फिनलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी ही समजूत मोडली. दोन दिवस पडून राहिलेले रुग्ण सात दिवस पडलेल्यांइतकेच बरे झाले. जे सोसेल तितके रोजचे व्यवहार करत राहिले ते तर आणखी लवकर सावरले. म्हणून पहिल्या दिवसापासून दर तासाला उठून पाच मिनिटे अंगणात चालावे. आठवड्याभरात हलकी कामे सुरू करावीत. थोडे दुखले म्हणजे इजा वाढली असे नसते.

वेदना उतरल्यावर तीन व्यायाम रोज करावेत. उताणे झोपून गुडघे दुमडावेत आणि कंबर हळूहळू वर उचलून दहापर्यंत मोजावे. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलावी, कंबर सैल ठेवावी. उताण्यानेच एकेक गुडघा पोटाशी घ्यावा. प्रत्येकी आठ-दहा वेळा पुरे. ज्या व्यायामाने कळ पायात उतरते तो सोडून द्यावा. याशिवाय मोकळे चालणे. ऑस्ट्रेलियातील २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित चालणाऱ्यांना कंबरदुखी पुन्हा होण्यास सरासरी २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. रानात जाणे-येणे हे चालणेच आहे, फक्त ते डोक्यावर ओझे न घेता व्हावे.

दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर आणि थोडे दिवसच घ्याव्यात. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन त्या रोज घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होते. बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात. त्यांत स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो आणि काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे झिजतात.

‘मणक्यात गॅप’ आणि पट्टा

फोटोत ‘गॅप’ दिसली की घरात सुतक पडते. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. केस पिकावेत तशा गाद्या वयाप्रमाणे झिजतात. फोटोवरून घाबरून शेती विकू नये आणि शस्त्रक्रियेचीही घाई करू नये. पायात उतरणारी सायटिकाची कळसुद्धा बऱ्याच रुग्णांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायामाला स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून ओढणे नेहमीच्या उपचारात नको, असे म्हटले आहे.

याहून गंभीर प्रकार स्त्रियांच्या बाबतीत घडतो. कंबर दुखते, अंगावर पांढरे जाते, म्हणून तिशी-पस्तिशीतच गर्भपिशवी काढून टाकली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ऊस तोडताना वाकणे आणि मोळ्या वाहणे तसेच चालू राहिले तर पिशवी काढून कंबर कशी थांबेल? शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले असतील तर पाळी बंद झाल्याप्रमाणे हाडे अकाली ठिसूळ होतात आणि कंबरदुखी वाढते. पांढरे जाण्यावर बहुधा औषधोपचार पुरतात. कोणी पिशवी काढायला सांगितली तर सरकारी रुग्णालयातील दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

घरी थांबू नये अशी लक्षणे

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मध्ये व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो. झाडावरून, गाडीवरून पडल्यानंतरचे दुखणे, किंवा म्हातारपणी साध्या धक्क्याने सुरू झालेले तीव्र दुखणे असेल तर मणका मोडला आहे का ते तपासावे. एका कुशीतून जांघेकडे लाटांनी येणारी कळ, सोबत मळमळ, ही बहुधा मुतखड्याची असते. विशी-तिशीतील तरुणाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहते आणि हालचालीने मोकळी होते, तेव्हा संधिवाताची तपासणी करावी.

संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारे दुखणे असल्यास मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. गुरे पाळणाऱ्यांनी आणखी एक आजार लक्षात ठेवावा. गाय किंवा म्हैस गाभडली, तिची वार आपण उघड्या हातांनी काढली किंवा कच्चे दूध प्यायलो, आणि काही आठवड्यांनी येऊन-जाऊन ताप, घाम, सांधे व कंबर दुखणे सुरू झाले, तर तो ब्रुसेलोसिस असू शकतो. डॉक्टरांना गुरे गाभडल्याचे स्वतःहून सांगावे, नाहीतर ते विचारतीलच असे नाही. गाभडलेल्या जनावराला हात लावताना रबरी मोजे घालावेत, वार खोल पुरावी, दूध उकळूनच घ्यावे. ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना या रोगाची लस एकदा टोचून घ्यावी. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती समाविष्ट आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. माणसांच्या क्षयाची तपासणी आणि औषधेही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.